केबल ठेवावी की ॲप घ्यावीत : नवी मुंबईतल्या नेरुळच्या आमच्या घरातले तीन महिने

२०२५ ची घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि त्याच दिवसापासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आमच्या जुन्या टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात वर्षभर काळा डाग पसरत चालला होता. नवरात्रातच वाशीला जाऊन ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. बसवायला आलेल्या मुलाने भिंतीवर स्टँड ठोकला, वायफाय जोडून दिला, रिमोटवरची ॲपची बटणं दाबून दाखवली आणि निघताना म्हणाला, "काकी, आता केबलची काय गरज नाय. फुकट पैसे जातायत तुमचे."

त्याच्या त्या एका वाक्यावरून आमच्याकडे तीन दिवस चर्चा चालली. लेक म्हणाली, आजच बंद करा. मिस्टर म्हणाले, मॅचचं काय? सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत, आणि आमच्या घरात टीव्ही सगळ्यात जास्त त्याच बघतात.

मी वाशीच्या एपीएमसीच्या, म्हणजे बाजार समितीच्या, मसाला मार्केटात एका पेढीवर हिशोब लिहिते. कागदावर उतरवल्याशिवाय मला कोणताही निर्णय घेता येत नाही. म्हणून असं ठरवलं की ऑक्टोबर ते डिसेंबर केबल बंद ठेवायची, सगळं ॲपवर बघायचं, आणि एका वहीत रोज दोन ओळी लिहायच्या. काय कमी पडलं, काय बरं वाटलं, पैसे किती गेले. ती वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

बंद करायच्या आधी केबलवाल्या दादांना बोलावलं. ते म्हणाले, "वहिनी, बॉक्स परत देऊ नका, तात्पुरती बंद ठेवा." ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ट्रायच्या, म्हणजे केबल आणि दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमानुसार पूर्ण महिन्यांच्या हिशोबात जोडणी तात्पुरती बंद ठेवता येते. गावाला जाणाऱ्यांनी, किंवा आमच्यासारखं करून बघायचं असेल त्यांनी, हे जरूर मागून घ्यावं. एकदा बॉक्स परत दिला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आता घरातल्या माणसांविषयी सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचा हिशोब कळणार नाही.

सासूबाई, म्हणजे आई, ७८ वर्षांच्या. सासरे माथाडी कामगार होते. कांदा-बटाटा मार्केट मुंबईहून वाशीला आलं तसं त्यांचं कामही खाडीच्या अलीकडे आलं आणि साताऱ्याकडचं हे कुटुंब इथलंच झालं. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हा चाळीत एकाच घरी टीव्ही होता आणि संध्याकाळच्या बातम्यांना त्या दारात उभ्या राहायच्या, हे त्या अजून सांगतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात त्या एकट्या. मी मार्केटात, मिस्टर ट्रान्सहार्बरने ठाण्याला, लेक कॉलेजात. एवढा सगळा वेळ हॉलमध्ये टीव्हीचा आवाज असतो. त्या तो बघतातच असं नाही. भाजी निवडतात, वाती वळतात, मधेच डोळा लागतो. पण तो चालू असतो.

मिस्टरांना रात्रीच्या बातम्या आणि क्रिकेट. लेक टीव्हीवर वाहिनी म्हणून काहीच बघत नाही. तिचं सगळं मोबाइलवर किंवा ॲपवर. मी साडेसात ते नऊ स्वयंपाकघरातून कानाने मालिका ऐकते आणि जाहिरात लागली की कुकर उतरवते.

केबल बंद करायच्या आधी काही दिवस मी कोण कोणती वाहिनी लावतं त्याची नोंद केली. आमच्या पॅकमध्ये दोनशेच्या वर वाहिन्या होत्या. त्या दिवसांत प्रत्यक्ष लागल्या अकरा. त्या अकरांतल्या सहाच पैसे भरायच्या होत्या, बाकीच्या फुकट. आणि आम्ही महिन्याला ४९५ रुपये भरत होतो. लहान मुलांच्या वाहिन्या, इंग्रजी सिनेमांच्या वाहिन्या, कधी नावही न ऐकलेल्या गाण्यांच्या वाहिन्या, या सगळ्यांचे पैसे वर्षानुवर्षं जात होते. आमच्या घरात लहान मूल होतं त्याला दहा वर्षं झाली.

तर ऑक्टोबर सुरू झाला. ॲपचा बाजार मी आधी समजून घेतला तो असा. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि डिस्नी हॉटस्टार एकत्र येऊन जिओहॉटस्टार झालं, त्यामुळे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्हीच्या मालिका आता एकाच जागी मिळतात. मराठी घराला हा मोठा फायदा. झी मराठीसाठी झी फाइव्ह लागतं आणि सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह. सह्याद्रीसाठी प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचं ॲप काढलं आहे, ते फुकट आहे. बातम्यांच्या मराठी वाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात, त्यालाही पैसे लागत नाहीत. लेकीसाठी ॲमेझॉन प्राइम आधीपासून होतंच, वर्षाचे १४९९.

आम्ही जिओहॉटस्टारचा तीन महिन्यांचा २९९ चा प्लॅन घेतला. त्यात जाहिराती येतात, हे घेतानाच लिहिलेलं होतं. ॲपवर गेलं की जाहिरातींतून सुटका, असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, तसं आता राहिलेलं नाही. प्राइमवरही १७ जून २०२५ पासून भारतात जाहिराती सुरू झाल्या. नको असतील तर वेगळे पैसे. यूट्यूबचं तर सांगायलाच नको.

जिओहॉटस्टार, झी फाइव्ह, सोनी लिव्ह आणि प्राइम या चारही ॲपची बेरीज करून महिन्यावर वाटली तेव्हा सरासरी ४७० रुपये आली. म्हणजे केबलचे ४९५ वाचले आणि ४७० गेले. महिन्याला पंचवीस रुपये. इंटरनेटचे ६९९ अधिक जीएसटी, म्हणजे ८२४ रुपये ८२ पैसे, मी यात धरलेलेच नाहीत, कारण लेकीच्या अभ्यासासाठी ते आम्ही असेही भरतो. पण ज्या घरात इंटरनेट फक्त टीव्हीसाठी घ्यावं लागणार असेल त्यांनी ती रक्कम आधी मांडावी आणि मगच 'केबल महाग' म्हणावं. ओळखीच्यांत मी हीच चूक सगळ्यात जास्त पाहिली. इंटरनेट जणू नळाच्या पाण्यासारखं येतंच आहे असं धरून लोक हिशोब करतात.

पैशाचं इथवर. आता आईंचं.

पहिले चार दिवस त्या रिमोट हातात घेऊन बसायच्या आणि आम्ही आलो की म्हणायच्या, "लावा की आता काहीतरी." मला वाटलं बटणं कळत नसतील. लेकीने एक दुपार सुट्टी काढून शिकवलं. घराचं चित्र असलेलं बटण, मग बाण, मग मधलं गोल. आई दोन दिवसांत शिकल्या. रिमोटवरचा माइक दाबून मालिकेचं नाव सांगायलाही शिकल्या आणि तो त्यांचं मराठी बऱ्यापैकी ओळखतो, हे मान्य केलं पाहिजे. तरी दुपारी टीव्ही बंदच. एका संध्याकाळी मी विचारलं, तर म्हणाल्या, "आगं, ह्यात पयलं आपुन ठरवावं लागतंय काय बघायचं ते. ते ठाव असतं तर टीव्ही कशाला लावला असता?"

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. केबल आणि ॲप यांतला फरक मला त्या दिवशी कळला. केबलवर काहीतरी चालू असतं आणि आपण त्यात जाऊन बसतो. ॲप तुमची वाट बघत गप्प उभं राहतं. कामावरून दमून आलेल्या माणसाला जे हवं ते हवं तेव्हा लावता येणं हे सुख आहे, मी ते अनुभवलं. पण दिवसभर एकट्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला दर अर्ध्या तासाने निवड करायला लावणं हा जाच आहे. आणि जरा वेळ बटण दाबलं नाही की पडद्यावर प्रश्न येतो, अजून बघताय का? आई वाती वळत ऐकत असतात, हात तुपाचे. पडदा थांबलेला. पलीकडच्या खोलीत मी होते तेव्हा एकदा त्यांचा आवाज आला, "बघतीया की मी! सारखं काय इचारतंय!"

मग लेकीने यूट्यूबवर थेट बातम्या लावून द्यायला सुरुवात केली. सकाळी निघताना लावायची. ते चाललं, पण दिवसभर बातम्याच. आईंना संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. राजकारणाची तीच भांडणं आठ तास कोण ऐकणार.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस दुपारी दोनला मला आईंचा फोन. टीव्हीवर आकडे मागतोय म्हणाल्या. एका ॲपमधून आपोआप बाहेर पडलं होतं आणि ओटीपी मिस्टरांच्या नंबरवर जात होता. मिस्टर ठाण्याला मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. त्यांनी पाहिला तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला तर आईंना आकडे पडद्यावरच्या त्या अक्षरांच्या चौकटीत बाणाने टाकता येईनात. संध्याकाळी सहाला मी घरी पोचले तेव्हा त्या काळोखात बसल्या होत्या. दिवाही लावला नव्हता. मला फार वाईट वाटलं. टीव्ही बंद पडला एवढंच झालं होतं, हे खरं. पण त्यांना वाटत होतं की आपल्या हातून काहीतरी बिघडलं, नवीन वस्तू आहे, महाग आहे. केबलच्या काळात टीव्ही बंद पडला की त्या खुशाल केबलवाल्याला नावं ठेवायच्या. आता त्या स्वतःला दोष देत होत्या.

ॲप घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, घरात जे माणूस दिवसभर असतं त्याच्याच मोबाइल नंबरवर खातं काढा. आम्ही दुसऱ्या दिवशी ते केलं.

आता दुसरी बाजू, आणि तीही खरी आहे. नोव्हेंबरमध्ये आई भाचीच्या मुलाच्या लग्नाला चार दिवस साताऱ्याला गेल्या. आधी असं झालं की आल्यावर शेजारच्या काकूंकडून सगळी गोष्ट ऐकायला लागायची. या वेळी त्यांनी चार दिवसांचे भाग एका दुपारी सलग बघितले. मधे उठावं लागलं तर थांबवून ठेवले. थांबवता येतं ही गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त आवडली. दारावर कोणी आलं, गोळीची वेळ झाली, देवाला दिवा लावायचा राहिला, तर टीव्ही थांबतो आणि परत येईपर्यंत तिथेच असतो. आणि यूट्यूबवर त्यांना कीर्तनं सापडली. साताऱ्याकडच्या त्यांच्या माहेरच्या बोलीतली, तासतासभराची. इतक्या वर्षांत केबलवर त्यांना हवी तशी कीर्तनं कधी मिळाली नव्हती. आता रोज दुपारी एक कीर्तन ठरलेलं. त्या वेळी त्यांना काय बघायचं ते ठाऊक असतं.

एक गंमत अशी झाली की काही ॲपवर मालिकेचा भाग टीव्हीच्या आधीच, सकाळी येतो. आईंनी आठवडाभर सकाळी बघितलं. मग संध्याकाळी काकू बोलायला आल्या की आईंना पुढचं माहीत आणि काकूंना नाही. दोनदा आईंच्या तोंडून निसटलं आणि काकू नाराज झाल्या. तेव्हापासून आई सकाळी बघत नाहीत. संध्याकाळी साडेसातलाच लावतात, काकूंच्या घरी लागतो तेव्हाच, म्हणजे दुसऱ्या दिवशी बोलता येतं.

आणि मग २ नोव्हेंबर.

ज्यांना आमचं नेरुळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, डी. वाय. पाटील स्टेडियममधला आवाज आमच्या घरात येतो. वारा आमच्या बाजूचा असला तर गॅलरीत उभं राहून चौकार-षटकार ओळखता येतात. महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत, भारत आणि दक्षिण आफ्रिका, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिकिटं मिळाली नाहीत. पावसामुळे सामना दोन तास उशिरा, पाचला सुरू झाला. नव्या ४३ इंची टीव्हीसमोर आम्ही चौघं, लेकीच्या दोन मैत्रिणी आणि भेळ.

शेफाली वर्मा खेळत होती. पडद्यावर बॉलर अजून धावत येते आहे आणि बाहेरून स्टेडियमचा गजर. आम्हाला कळलं, चौकार गेला. मग अर्ध्या मिनिटाने तो चौकार टीव्हीवर. आधी गंमत वाटली. नंतर नंतर त्रास व्हायला लागला. आधी निकाल कळायचा आणि मग खेळ दिसायचा. शेफाली ८७ वर बाद झाली तीही आम्हाला आधी ऐकू आली. बाहेर एकदम शांत झालं आणि आमच्या पडद्यावर ती अजून स्टान्स घेत होती. आई म्हणाल्या, "गेली वाटतं पोरगी."

असं का होतं ते लेकीने समजावलं. ॲपवरचं थेट प्रक्षेपण काही सेकंदांचे तुकडे करून येतं आणि अडकू नये म्हणून टीव्ही पुढचे दोन-चार तुकडे साठवून मगच दाखवायला सुरुवात करतो. त्यात वेळ जातो. केबलसुद्धा अगदी त्याच क्षणी येत नाही, वर उपग्रहाला जाऊन खाली यायचं असतं, पण तिचा उशीर थोड्या सेकंदांचा. घरात एकटे बघत असाल तर फरक पडत नाही. पण इमारतीत वीस घरं मॅच लावून बसलेली असतील आणि त्यांतली बारा केबलवर असतील, तर तुमची प्रत्येक विकेट आधी भिंतीतून येते. आमच्याकडे तर भिंतीतूनही आणि स्टेडियममधूनही.

भारताच्या २९८ धावा झाल्या. आफ्रिकेची कप्तान वोलवार्ट खेळतच राहिली, शंभर पूर्ण केले. तिचा झेल अमनजोत कौरने तीनदा हातातून उडत असताना धरला, त्या वेळी बाहेरून आधी एक 'हा' असा श्वास आला, मग दुसरा, मग जो काही आवाज झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. आणि आमच्या टीव्हीवर अजून आधीचा चेंडू. मिस्टर उठले. म्हणाले, चला. आम्ही सगळे, आईसुद्धा काठी घेऊन, समोर काकूंकडे गेलो. त्यांची केबल चालू होती. दीप्ती शर्माचा पाचवा बळी आणि हरमनप्रीतने मागे पळत घेतलेला शेवटचा झेल आम्ही तिथे पाहिला, मध्यरात्रीच्या सुमारास. स्टेडियमच्या आवाजापेक्षा जरासाच मागे, पण एकत्र. भारताच्या महिला क्रिकेट संघाचा पहिला विश्वचषक आणि तो आमच्या नेरुळात. काकूंच्या हॉलमध्ये चौदा माणसं होती. आईंना रडू आलं. त्या रात्री वहीत मी एवढंच लिहिलं : मॅचसाठी केबल.

नोव्हेंबरच्या शेवटी रस्ता खोदताना कुठेतरी फायबर तुटली आणि इंटरनेट दोन दिवस गेलं. आमची ब्रॉडबँड कंपनी फोनवर दर वेळी 'चार तासांत होईल' सांगत होती. अशा वेळी सगळं एकाच तारेवर असल्याची किंमत कळते. लेकीचा अभ्यास, मिस्टरांचं ऑफिसचं काम आणि आईंचा टीव्ही, सगळं एकदम बंद. केबल कधी जातच नाही असं नाही. पावसाळ्यात आमच्या शेजारच्या इमारतीतला केबलचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर बंद पडतो, वीज असूनही केबल जाते. पण दादांना फोन केला की तासाभरात शिडी घेऊन माणूस येतो. कोणाशी बोलायचं ते माहीत असतं. ब्रॉडबँडमध्ये 'एक दाबा, दोन दाबा' यातच अर्धा तास.

आणखी एक लहानशी गोष्ट, जिचा विचार मी आधी केलाच नव्हता. दादांची स्वतःची एक स्थानिक वाहिनी आहे. त्यावर परिसरातल्या दुकानांच्या जाहिराती, गणपतीचं विसर्जन, कोणाचं वास्तुशांतीचं निमंत्रण असलं काहीबाही असतं आणि खाली पट्टी धावते. डिसेंबरात एका गुरुवारी मोरबे धरणाच्या जलवाहिनीचं काम होतं आणि पाणी येणार नव्हतं. ही बातमी आम्हाला दर वेळी त्या पट्टीवरून कळायची, कारण आई ती वाचून संध्याकाळी सांगायच्या. या वेळी कळलंच नाही. सकाळी नळ उघडला तर हवा. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज होता म्हणे, पण तो लग्नाच्या फोटोंखाली गेला.

दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशचाही विचार केला. एकदा खर्च, नंतर महिन्याचं काही नाही. पण आईंच्या दोन मुख्य मालिका त्यावर नाहीत आणि सोसायटीला गच्चीवर नवी डिश नको आहे. तिथेच विषय संपला. ज्यांना सह्याद्री, बातम्या आणि जुने सिनेमे पुरतात त्यांनी मात्र तिकडे नक्की बघावं.

डिसेंबरच्या शेवटी आम्ही केबल परत घेतली, पण आधीसारखी नाही. मी दादांपुढे ती अकरा वाहिन्यांची यादी ठेवली आणि म्हणाले, एवढंच द्या. ते जरा नाखूश होते. पॅकमध्ये सूट असते, सुटं घेतलं तर एकेक महाग पडतं, असं म्हणाले. ते खोटं नाही. पण पॅक स्वस्त असला तरी त्यातल्या तीन वाहिन्यांसाठी चाळीस घ्यायच्या असतील तर तो मला महागच. १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला आपल्या वाहिन्या स्वतः निवडता येतात. तो हक्क आम्हाला जवळजवळ सात वर्षं होता आणि आम्ही वापरला नव्हता. केबलवाल्याने सुचवलेला पॅक आला तसा भरत राहिलो.

हिशोब असा. नेटवर्कचं भाडं १३०. पूर्वी ट्रायने १३० ची मर्यादा घातली होती, त्यात दोनशे वाहिन्या यायच्या. जुलै २०२४ मध्ये ती मर्यादा काढली, म्हणून तुमच्याकडे किती लावतात ते बिलावर बघा. आमच्याकडे अजून १३० च आहे. सहा पेड वाहिन्यांचे मिळून ८८. बेरीज २१८. त्यावर १८ टक्के जीएसटी ३९ रुपये २४ पैसे. एकूण २५७ रुपये २४ पैसे. ४९५ च्या जागी २५७, आणि घरातल्या एकाही माणसाला काहीही कमी पडलेलं नाही. यातून जेवढे पैसे वाचले तेवढे केबल तोडूनही वाचले नव्हते.

ॲपही ठेवली, पण एका वेळी एक. प्राइम वर्षाचं भरलेलं आहे ते संपेपर्यंत आहेच. बाकीच्यांतलं एक घ्यायचं, तीन महिन्यांनी बंद करून दुसरं. आपोआप पैसे कापले जायची सोय मी सगळीकडे बंद केली आहे. हे न करणाऱ्याचे पैसे केबलपेक्षा ॲपमध्ये जास्त गळतात, कारण केबलचे मागायला निदान माणूस दारात येतो.

दादा स्वतः आले बॉक्स जोडायला. पंचवीस वर्षांपूर्वी हेच गृहस्थ गच्चीवरून काळी वायर खिडकीतून सोडायचे आणि महिन्याला गुलाबी पावती फाडायचे. २०१३ मध्ये डिजिटल बॉक्स आले तेव्हाही तेच घरोघर फिरले. आता लोक बॉक्स परत देतात आणि ते घेऊन खाली उतरतात. आमच्या इमारतीत चोवीस घरं, त्यांतली नऊ गेली. मी विचारलं, तर म्हणाले, "इंटरनेट पण आपणच देतो वहिनी, बघू." जास्त बोलले नाहीत. आईंनी त्यांना चहा केला.

एक काम त्यांनी फार चांगलं करून दिलं. नव्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन, चालू केल्यावर ॲपच्या पडद्याऐवजी थेट केबलचा बॉक्सच लागेल असं ठेवलं. अशी सोय बऱ्याच स्मार्ट टीव्हींत असते, कोणी सांगत नाही. आता आई बटण दाबतात आणि काहीतरी चालू असतं. केबलच्या रिमोटला मी लाल दोरा बांधला आहे, टीव्हीच्या रिमोटला नाही. कीर्तनाच्या वेळी त्या बिनदोऱ्याचा घेतात.

जानेवारी-फेब्रुवारी झी फाइव्ह आहे. आयपीएल सुरू झालं की ते बंद करून जिओहॉटस्टार घ्यायचं, लेकीला मोबाइलवर हवं असतं म्हणून. हॉलमध्ये मात्र मॅच केबलवरच लागेल.